मागचं डावं चाक

गाडी घेतली तेव्हा ती चौदा वर्षांची, माझ्या धाकट्याएवढी.
जपानातून बोटीने आली, पुढे रेल्वेने वाळवंट ओलांडून,
मग नणंदेच्या नवऱ्याच्या हातून माझ्या हातात.
बोनेटवर थाप मारून तो म्हणाला,
घोड्याचे दात बघावेत, हिचे नकोत.

स्टिअरिंग उजवीकडे, आणि आमचा रस्ताही उजवीकडचा;
ओव्हरटेक करायचा तर शेजारच्याला विचारावं लागतं,
शेजारी कुणी नसलं तर
नशिबाला.

रोज सकाळी बटण दाबलं की एक बाई बोलते,
जपानीत, मऊ आवाजात, शेवटी किंचित वाकल्यासारखी.
दोन हिवाळे मी ते प्रवासाचं शुभचिंतन समजत होते.
हुलान, निइगाताला शिकून आलेली, मागच्या सीटवर हसत सुटली:
टोलचं कार्ड घातलेलं नाही, एवढंच म्हणतेय ती.

पहिल्याच थंडीत, उणे तेहतीसला,
डॅशबोर्डवरच्या काळ्या पट्टीचा गोंद सुटला.
मला ती नक्षी वाटली होती.
खाली दिवा होता. पिवळा. टक्क जागा.
कंसात उभं एक उद्गारचिन्ह,
ओरड, पण हळूच, असं कुणी बजावल्यासारखं.
माझ्या आधी किती जणांनी त्याचे डोळे मिटले होते कोण जाणे.

दा ख्युरेच्या बाजारात, कंटेनरांच्या तिसऱ्या ओळीत, गोन्चिग बसतो
उलट्या बादलीवर.
चाक वर-खाली धरून हलवतो, मान तिरकी करतो,
दाराशी उभं राहून माजघरातलं भांडण ऐकावं तसा.
म्हणाला, सेन्सर.
मग म्हणाला, सेन्सर बरा होता, वायर.
मग साठच्या पुढे येणारी ती घुंई, जिला मी वारा समजत होते,
ती म्हणे बेअरिंगची.
नवं बेअरिंग घातलं; नवं म्हणजे कुणाचं तरी जुनं.
अकरा दिवस दिवा विझलेला.
बाराव्या दिवशी, नालाइखच्या चढावर,
ये रे माझ्या मागल्या.

मी तिथल्या दवाखान्यात रात्रपाळीला असते.
वॉर्डातही यंत्रं रात्रभर पिवळी होतात.
कुठल्यासाठी धावायचं, कुठलं बोटाने गप्प करायचं,
अठरा वर्षांनी ते हाताला कळतं, डोक्याला विचारावं लागत नाही.
या गाडीचं मात्र मागचे पाढे पंचावन्न.
पुन्हा गोन्चिग, पुन्हा बादली, पुन्हा चाळीस हजार तुग्रीक.

मग ती फेब्रुवारीतली पहाट.
ड्यूटी संपवून परतताना मागून काहीतरी डुलायला लागलं,
दारू प्यायलेला पाहुणा सोबत चालत असावा तसं.
समोर पाहिलं: एकही दिवा नाही.
डॅशबोर्ड स्वच्छ, धुतलेल्या ताटासारखा.
थांबले. मोबाईलच्या उजेडात गुडघे टेकले.
मागचं डावं चाक.
पाचांतले तीन नट
बोटांनीच फिरले.

गोन्चिगला सांगितलं तेव्हा तो काहीच बोलला नाही.
पान्याने एकेक नट आवळला, पुन्हा तपासला, पुन्हा,
पैसे पुढे केले तर हात पुसत राहिला.
मग खाली बघूनच म्हणाला,
नट सैल राहिल्याचा दिवा
कुणी बनवलेलाच नाही, ताई.

आता निघण्याआधी मी हातमोजा काढते.
पाचही नट चाचपते; गारठलेलं लोखंड
बोटांची कातडी क्षणभर धरून ठेवतं.
मागे आई दुधाची वाटी घेऊन उभी,
पळीने चाकांवर शिंपडते,
टायरवर पडताच थेंबांच्या पांढऱ्या टिकल्या होतात.
त्या चाकावर जरा जास्तच पडतं.

बटण.
दिवा लागतो.
बाई म्हणते, कार्ड नाही.
मी म्हणते, माहीत आहे गं,
आणि गिअर टाकते.