दोन झाडांमधली दोरी

फाट्यावरच्या पाटीवर एवढंच: घोड्यांना मुभा आहे.
मुभा म्हणजे काय, ते इथे पोचल्यावर कळलं.
तबेला नाही, कुंपण नाही, पाण्याचा हौद नाही,
खुंटा म्हणाल तर तोही नाही.
एक हातपंप, तोही उताराला, तीनशे वीस पावलांवर,
आणि त्याचा दांडा असा कण्हणारा
की पाणी देणं जणू त्याच्या जिवावर आलंय.

रेंजर विशीतला पोरगा. पाठ केल्यासारखं बोलला:
वैरणीत तणाचं बी नको, पावती दाखवा.
झाडाला थेट बांधायचं नाही, साल सोलली जाते.
ओढ्यापासून दोनशे फूट लांब.
लीद इथे टाकून जायची नाही.
"आणखी काही लागलं तर?" ट्रूडीने विचारलं.
"आणखी इथे काही नाहीच, मॅडम."
प्रामाणिक पोरगा.

ट्रूडी म्हणजे एल्डनची दुसरी बायको.
पहिली मी.
एल्डन मार्चमध्ये गेला. मागे ठेवलं काय,
तर डाव्या डोळ्याने आंधळी एक घोडी, एक खेचर
आणि एकच ट्रेलर.
घोडी माझ्या नावावर, खेचर तिच्या.
ट्रेलरचं त्याने काही लिहिलं नव्हतं.
दर सप्टेंबरात तो या दोघांना इथे आणायचा,
म्हणून यंदा शेवटचं आणू, म्हणाली ती.
मी हो म्हटलं. का म्हटलं, विचारू नका.

घोडी परकं पाणी पीत नाही.
मी बादली नाकाशी धरते, ती मान फिरवते.
इथेच घोडं अडलं, म्हणेपर्यंत
ट्रूडीने गाडीतून सफरचंदाचा रस आणला
आणि न विचारता दोन पेले ओतले.
घोडी प्यायली. तळ दिसेपर्यंत प्यायली.
हे मला कधी सांगितलं नव्हतं त्याने.

मग दोरी.
दोन पाइनच्या बुंध्यांना रुंद पट्टे,
त्यांच्यामधून दोरी, डोक्यापेक्षा उंच, ताणून.
गाठ मारायला दोघी एकदमच पुढे झालो.
"मला येते."
"मलाही."
तिच्या टोकाला तिने मारली, माझ्या टोकाला मी.
कंदील वर धरून पाहिलं तर हुबेहूब.
तो शेवटचा उगाचचा वेढासुद्धा,
ज्याची गरज नसते, आणि जो तो कधीही चुकवायचा नाही.
आम्ही काही बोललो नाही.
खेचराने लीद टाकली.

घरी माझ्या आणि जनावराच्या मध्ये
अंगण असतं, भिंत असते, बंद दार असतं.
इथे तंबूचं कापड तेवढं.
तिचं चावणं ऐकू येतं, पोटातली गुडगुड,
एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकताना
निघतो तो सुस्कारा.
झोप कसली येतेय.

दोनच्या सुमाराला वरच्या रानात एल्क ओरडला,
गंजलेल्या बिजागरीतून शिटी फुटावी तसा.
दोरी तारेसारखी झणझणली.
आम्ही दोघी बाहेर, पायात मोजे तेवढे,
गवतावर दहिवर गोठलेलं.
मी घोडीच्या आंधळ्या बाजूला उभी राहिले, बोलत राहिले,
काय बोलले आठवत नाही.
तिने मान लांबवली, पण माझ्याकडे नाही,
खेचराकडे.
त्याच्या मानेवर जबडा टेकवला आणि थरथर थांबली.

उद्यापासून यांचे जिल्हे वेगळे.
हे दोघांना कुणी सांगितलेलं नाही.
ट्रूडी पलीकडून म्हणाली, "वर्ना, थंडी वाजतेय का?"
मी म्हटलं, "नाही."
वाजत होती.

सकाळी लीद पोत्यात भरली,
खुरांनी उकरलेले खड्डे पायाने बुजवले,
वर पाइनच्या सुया पसरल्या,
इथे कुणी राहिलंच नव्हतं असं दिसेपर्यंत.
ट्रेलरचं अजून ठरलं नाही.

तिच्या टोकाची गाठ एका झटक्यात सुटली.
माझी दवाने आवळून गोठली होती.
ट्रूडी खूर साफ करायचा आकडा घेऊन आली,
बादली पालथी घालून तिच्यावर चढली
आणि एकेक वेढा उकलत राहिली.
मी बादली धरून ठेवली.
घाई केली नाही.