कड

जिंतूरच्या स्टँडमागं टपरीत
बाबा पट्ट्याची कड घासत बसले
की बोलायचे नाहीत.
गिऱ्हाईक उभं राहून निघून जायचं.

तीन थर. वर बकऱ्याचं, खाली म्हशीचं,
मध्ये कुण्या विहिरीच्या जुन्या मोटेतलं उरलेलं.
चिंचोक्याच्या खळीनं धरलेले एकमेकांना,
पण नुसते धरलेलेच.

आधी रापी, तिरपी.
कांद्याच्या पापुद्र्यासारखी खरड निघायची.
मग काचपेपर. मग बोटभर पाणी,
"न्हाऊ घालायचं न्हाई, लेकराचं तोंड पुसल्यावानी."
मग शिंगाचा तुकडा,
माझ्या वयाहून जुनी खाच पडलेला.
घासत राहायचं, वास येईपर्यंत,
भाजलेल्या शेंगांच्या टरफलासारखा.
तीन रेघांच्या दोन व्हायच्या, दोनाची एक,
मग तीही दिसायची नाही.

घर गावाच्या कडेला, टपरी रस्त्याच्या कडेला.
आमची कड घेणारं कुणी नव्हतं
तेव्हापासून बाबा कडा घासतायत.

वाळूजला बॅगांच्या कारखान्यात दोन वर्षं काढून
मी आले ती काळ्या रंगाचा डबा घेऊन.
एक ब्रश फिरवला की कड तयार.
बाबांनी टोपण उघडलं, हुंगलं,
परत लावलं. घट्ट.
"झाकायला बरंय," म्हणाले.

येलदरीच्या खलीलमियाँचा तंग
मीच केला, वरातीच्या घोडीसाठी.
चकाकत गेला.
लग्नसराईतच परत आला.
घामानं रंग सोललेला,
तिन्ही थर तीन दिशांना तोंड वासून.
खलीलमियाँनी तो फळीवर ठेवला,
भांडले नाहीत.
"घोडीला लागलं," एवढंच.

बाबांनी अंगठा फिरवला.
मोतीबिंदूनंतर त्यांचे डोळे तिथंच.
एका जागी अडला, दुसऱ्या जागी अडला.
वाटलं, आता बोलतील.
त्यांनी शिंग माझ्याकडं सरकवलं
आणि चहाला गेले.

उसवलं. जुनी खळ खरवडली.
नवी लावून रात्रभर जात्याखाली दाबलं.
सकाळी रापी, काचपेपर, बोटभर पाणी.
दुपारपर्यंत मनगट माझं राहिलं नव्हतं.
वास आला तेव्हा शेजारच्या शेंगावाल्यानं
मान वर केली.

बाबांनी तंग मांडीवर घेतला.
अंगठा निघाला बकलापासून,
सावकाश,
टोकापर्यंत गेला,
कुठंच थांबला नाही.

मग म्हणाले,
"घोडी कशी हाय, इचारून ये."