सान्तियागोहून काय आणलंस

येर्कोच्या चपला-दुरुस्तीच्या दुकानावरची खोली.
आम्ही अकरा जण, खुर्च्या आठ.
बाहेर पुंता अरेनासचा वारा,
माणसं दिव्याचा खांब धरून कोपरा ओलांडताहेत.

वर्गणी काढून नेवेंकाला परिषदेला पाठवलं होतं.
विमानाचं भाडं आमचं, झोपायला तिच्या मावशीचा सोफा.
तीन दिवस, बावीस व्याख्यानं.
सांग आता, म्हणालो.

तिनं वही उघडली.
पहिल्या पानावर चौकोन आणि बाण,
दुसऱ्यावर एका नव्या भाषेचं नाव, खाली दोन रेघा,
मग सगळी पानं कोरी.
एलिएसेर फिसकन हसला :
एवढ्या पैशात शंभर कोऱ्या वह्या आल्या असत्या!

शेवटच्या दिवशी, ती म्हणाली,
जेवणानंतर अर्धं सभागृह पेंगत असताना
एक बाई मंचावर आली.
स्लाइड एकच : पहाटेचे तीन वाजून वीस मिनिटं.
या वेळी मी चुकीच्या खिडकीत एक ओळ टाइप केली
आणि एका इस्पितळाच्या सगळ्या अपॉइंटमेंट पुसल्या.
चाळीस मिनिटं ती तेवढंच बोलली.
कुणाला फोन केला. कुणाला करायचा धीर झाला नाही.
बॅकअप होता,
पण त्या बरणीचं झाकण कधी कुणी उघडून पाहिलं नव्हतं.

खाली येर्कोची हातोडी दोनदा वाजली, थांबली.
टेबलाखाली अकरा झाकल्या मुठी.

मग रोसामेल खाकरला.
आमच्यातला सगळ्यात म्हातारा,
पोर्वेनीरच्या फेरीबोटीची तिकिटं त्याच्या कोडवर निघतात.
आपल्या प्रांतानं हिवाळ्यात घड्याळं मागं घेणं सोडलं,
त्या वर्षी मला ठाऊक होतं.
सोमवारी करू, म्हटलं.
रविवारी एक माणूस धक्क्यावर उभा राहिला.
पलीकडे बायकोला कळा सुरू झालेल्या.
बोट कधीच सुटली होती,
तिकीटघराच्या घड्याळात मात्र तिला अजून तास होता.
मुलगी झाली. तो तिथं नव्हता.
मी दोष वाऱ्यावर टाकला.
इथं वाऱ्यावर काहीही खपतं.

नेवेंकानं कोरं पान काढलं,
वर तारीख घातली, नाव नाही.
एलिएसेर खुर्चीच्या कडेवर आला.
माझंही लिही, म्हणाला, पण आधी दार लाव.

दारात येर्को होता,
हातात बायकी बुटांचा जोड.
दोन्हींना डावीच टाच ठोकलीय मी, म्हणाला,
बसू का जरा?

आम्ही सरकलो.