एक जानेवारी, दोन हजार नऊ

सकाळी आठला बटण दाबलं
की काळ्या पडद्यावर तीच पांढरी ओळ:
डिस्कची तपासणी चालू आहे.
एक टक्का.
अजून एकच टक्का.
दोन.

तोवर बेटावरच्या दवाखान्यात
ओल्या लोकरीचा वास दाटतो.
बाकावर सातजण, मध्ये एकच मातेचा भोपळा,
एक ओढतो, पुसतो, पुढे देतो.
पेशंटांची नावं सगळी त्या पेटीत,
आणि पेटी म्हणते, थांबा,
आधी मी शाबूत आहे का ते बघते.

नर्स नोल्फा बारिया फोनवर म्हणाली होती,
"गेले बावीस दिवस रोज.
तपासते, काही सापडत नाही,
दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या."

मी कास्त्रोहून लाँचने आले,
पिशवीत एक डिस्क, दोन केबली, पेचकस,
आणि लाटांनी ढवळलेलं पोट.

नोल्फाने वही पुढे केली.
तिच्या टपोऱ्या अक्षरात गुन्हेगार आधीच ठरला होता:
उबेरलिंदा कार्कामो, सफाई.
संध्याकाळी प्लग उपटते.
तीन वेळा समज दिली.
पुरावाही होता. उबेरलिंदा आजारी होती ते चार दिवस
यंत्र सुरळीत उठलं.

उबेरलिंदा दारात उभी, हातात फडकं.
"मी आधी नीट बंद करते," ती म्हणाली,
"दिवा विझेपर्यंत थांबते. मगच काढते.
वादळात शाळेचा टीव्ही जळाला होता."
एवढंच. पुन्हा फरशीकडे वळली.

मी डिस्क ऐकली. कान लावून, खरंच.
खरखर नाही, टकटक नाही.
केबल बदलली. पुन्हा एक टक्का.
दुसरी बदलली. पुन्हा.
बाकावरच्या म्हाताऱ्याने मलाही भोपळा दिला,
कडू, जीभ भाजणारा.
तो घेता घेता मी शेवटी
ती एक ओळ वाचली
जी सगळे वाचायच्या आत वर सरकून जाते:
मागची नोंद भविष्यकाळातली आहे.

भविष्यकाळातली.

मग घड्याळ पाहिलं.
एक जानेवारी, दोन हजार नऊ.

आत, धुळीखाली, दहा पेसोच्या नाण्याएवढी
एक बॅटरी मरून पडली होती.
प्लग निघाला की यंत्राचा काळ पुसला जायचा,
सकाळी ते जन्मतारखेला जागं व्हायचं
आणि पाहायचं, आपल्याच हस्ताक्षरात कुणीतरी
कालचं बाळंतपण लिहून ठेवलंय,
जे अजून कित्येक वर्षं व्हायचं नाही.
घाबरणार नाही तर काय?
पहिल्या पानापासून सगळं चाचपायचं.
दुपारी सिग्नल आला की गुपचूप आजच्या तारखेला यायचं,
आणि रात्री पुन्हा विसरायचं.

उबेरलिंदाला सांगितलं. ती म्हणाली,
"दोन हजार नऊ? तेव्हा ही भिंत पिवळी होती."

नवी बॅटरी माझ्या पिशवीत नव्हती.
डिस्क होती, केबली होती.
नोल्फाने वजनकाट्यातली काढून दिली,
"माणसं काय, अंदाजे मोजू."
काटा लावला. तारीख भरली. प्लग काढला, दहा मिनिटं थांबले,
प्लग लावला.

काळा पडदा आलाच नाही.
नावांची यादी सरळ समोर.
नोल्फाने पहिलं नाव पुकारलं: मान्सीया!
आणि तो म्हातारा दचकला,
भोपळा अजून तिसऱ्याच हातात होता.
त्याच्याकडे पाहून मला उगाच अपराधी वाटलं.

निघताना मी वही मागितली.
त्या तीन ओळींखाली लिहिलं: कारण, बॅटरी.
उबेरलिंदाने फडकं खांद्यावर टाकलं,
"वाचून दाखव."
वाचलं.
"आणि वरचं?"

वरचं खोडायचा अधिकार मला नव्हता.
मी खोडलं.

लाँच सुटली तेव्हा साडेपाच वाजले होते.
खिडकीत ती दिसली,
पडद्यासमोर उभी, दिवा विझायची वाट पाहत.
मग वाकली,
आणि प्लग काढला.