गिळल्यावर बोलायचं असतं

पहाटे साडेतीनला वर्नाची गाडी दाराशी.
हॉर्न नाही, दिवे फक्त दोनदा.
क्लिनिक चार्ल्सटनला, एकसष्ट मैल,
मधे दोन डोंगर, एक बंद खाण
आणि ते औषधाचं दुकान, जिथे
पाठीसाठी पहिली बाटली मिळाली होती.
छापील लेबल, माझं नाव, डॉक्टरची सही. सगळं रीतसर.
त्यातल्या दोन मी लायलला दिल्या,
त्याची दाढ ठणकत होती म्हणून.

पेट्रोलचे चार डॉलर डॅशबोर्डवर ठेवतो.
वर्ना मोजत नाही.
मागच्या सीटवर तिच्या पोराचं जाकीट
अजून तसंच, एक बाही उलटी.
त्या दोन गोळ्यांचं तिला माहीत आहे का,
मला माहीत नाही.
आम्ही हरणांबद्दल बोलतो, ब्रेकबद्दल,
पुलावर बर्फ धरलाय का त्याबद्दल.

खिडकीतून नर्स इवलासा पेला सरकवते.
वर चेरी, तळाशी कडू.
गिळलं की काहीतरी बोलायचं असतं,
तोंडात धरून कुणी बाहेर विकू नये म्हणून.
मी रोज म्हणतो, "थंडी आहे."
जुलैतसुद्धा.

आज तोंडातून निघालं, "लायल."
नर्सने मान हलवली. पुढचा या.

परतीच्या वाटेवर, खाणीपाशी, वर्नाने विचारलं,
"आज काय म्हणालास?"
"थंडी आहे."
तिने हीटर वाढवला. मग एका हाताने
मागे चाचपून जाकीट ओढलं, बाही सुलटी केली,
माझ्या मांडीवर टाकलं.
"घाल."

खांद्यात बसलं.
बाह्या मात्र मनगटाच्या बऱ्याच वर.