उलटा हात

अकरा नंबरला देशिंगकर सर.
मंगळवारी सकाळी चादर बदलताना
माकडहाडावर लाली दिसली, पावलीएवढी.
बोट दाबून पाहिलं, जाईना.
लगेच चार्टवर लिहिलं :
दोन-दोन तासांनी कूस, हवेची गादी,
टाचांखाली उशी.
शुक्रवारी सर म्हणाले, वाचवलंत हो, सिस्टर.

बारा नंबरला मारुती पल्ले.
हरिपूरच्या भट्टीवर ट्रॉलीवरून पडलेला,
कमरेखाली गार.
रंग विटेचा नव्हे,
भट्टीच्या आतल्या भिंतीचा.
त्याच मंगळवारी, त्याच बॅटरीच्या उजेडात
मी त्याचीही पाठ पाहिली होती.
लिहिलं : त्वचा ठीक.
बुधवारी : त्वचा ठीक.
गुरुवारी नुसतंच : ठीक.
अक्षर माझंच, वळणदार.

शुक्रवारी वास आला.

मिरजेला शिकले मी, तीन वर्षं.
पुस्तकात सगळ्या टाचा गुलाबी.
एका पानावर माझ्या मामाची पाठ नव्हती,
माझीही नव्हती.
दोन स्थळांना माझा रंग
रिक्षातून उतरायच्या आत दिसला होता.
आणि मला,
वीतभर अंतरावरून,
त्याचा दिसला नाही.

दुर्गव्वा खाटेशेजारी वाकळ टाकून बसलेली.
ड्रेसिंग करताना म्हणाली, रागानं नव्हे,
"बाई, डोळ्यानं बघताय व्हय?
गाढवाची पाठ कुटं लाल दिसती?
सांजंला गोण उतरली की उलटा हात फिरवायचा.
जितं कढत लागंल,
न्हायतर मळल्याल्या कणकीगत,
तितं उद्या फुटणार.
त्या दिशी त्याच्यावर वझं न्हाई."
मग जीभ चावली. "माणसाचं येगळं आसंल."

वेगळं नव्हतं.
आणि ती मंगळवारीच म्हणाली होती,
पाठ तापलीया.
मी त्याच्या काखेत थर्मामीटर लावला होता.
नॉर्मल, म्हणाले होते. घाबरू नका.

आता रात्रपाळीला
मी आधी बॅटरी विझवते.
चार्टवर रकाना एकच आहे : लाली, आहे की नाही.
मी समासात लिहिते :
डावा खुबा, कढत.
मेट्रन विचारतात, हे काय नवीन?

पल्लेच्या जखमेत आधी लिंबू मावायचं.
आता सुपारी.
रोज पहाटे मी हात धुऊन जाते,
तर चादर एका बाजूनं
आधीच उचललेली असते.