ऐकण्याची परीक्षा, वीस मार्क

शनिवारची सकाळची शाळा. नववी ब.
बत्तीस पोरं आणि एक निळा स्पीकर,
दारव्ह्याच्या बाजारातून साडेचारशेला आणलेला.
चालू केला की आधी स्वतःच काहीतरी ओरडतो,
ते आजवर कुणाला कळलेलं नाही.
परीक्षा तिथूनच सुरू होते म्हणा.

फुकटात मिळालेली फाईल चीनमधल्या पोरांची.
तिकडच्या हायस्कुलात वाजवतात म्हणे.
प्रत्येक संवाद दोनदा,
मध्ये दहा सेकंद शांतता, उत्तर लिहायला.
आमच्याकडे ती दहा सेकंदं
कधी शांत गेली नाहीत.
तुळशीरामभाऊंची गिरणी,
खिडकीच्या गजावर होला,
आणि डोमाजीनं खिचडीला घातलेली फोडणी:
अख्खी पहिली रांग ठसक्यात.

प्रश्न पहिला. माणूस कुठे आहे?
अ, स्टेशनवर. ब, पोस्टात. क, दवाखान्यात.
माणूस विचारतो, पुढची किती वाजता?
बाई सांगते, गेली. आता संध्याकाळी.
एकतीस जणांनी अ लिहिलं.
रिजवाननं तिन्ही खोडून लिहिलं: फाट्यावर.
अर्धा मार्क दिला मी.
नियमात बसत नाही.

प्रश्न चौथा. ली हुआची छत्री कुठे राहिली?
हा ली हुआ प्रत्येक पेपरात असतो.
मागच्या वेळी त्याची सायकल पंक्चर होती,
त्याआधी लंडनच्या मित्राला त्यानं पत्र लिहिलं होतं
आणि पत्ताच टाकायचा राहिला.
पोरांना आता तो नववी अ मधला वाटतो.
"लय येंधळं पोट्टं हाय जी मॅडम,"
दुर्गेश म्हणतो, "काई ना काई इसरतेच."

वाचनाचा उतारा बर्फावर.
नदी गोठते, तिच्यावरून ट्रक जातात,
रात्री बर्फाच्या घरांत दिवे लावतात.
बाहेर मार्चचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं.
तेजू पेंदामनं हात वर केला:
"नदी गोठली तं मासोया कुठी जाते?"
प्रश्नपत्रिकेत तो प्रश्न नव्हता.
उत्तर मला मराठीतही येत नव्हतं.

प्रश्न नववा.
आई वसतिगृहातल्या मुलाला फोन करते.
जेवलास का? थंडी आहे का? स्वेटर मिळाला?
हो, हो, हो, म्हणतो मुलगा. तासाला उशीर होतोय.
आईला कसं वाटतंय?
अ, आनंद. ब, राग. क, काळजी.

पायल आडेनं जागा कोरी सोडली.
पायलचे सगळे प्रश्न सोडवून झालेले असतात
बाकीच्यांची नावं लिहून होईस्तोवर.
"काहून गं? सोपा तर होता."
ती बुटाच्या नाडीकडे बघत राहिली.
मग म्हणाली,
"पोरानं फोन ठेवला जी.
पण तिनं ठेवलाच नाई.
मंग थे तशीच होती थोडा येळ.
तुमाले आयकू नाई आलं?"

रात्री घरी कानात इयरफोन घालून
मी नववा प्रश्न सहा वेळा लावला.
मुलाचं 'बाय'. खट्.
नंतर, पुढच्या प्रश्नाच्या घंटीआधी,
एक श्वास.
दीड सेकंदाचा असेल.
ती बाई कोण, कुठल्या स्टुडिओत बसली होती,
कागदात श्वास लिहिलेला होता
की तिचा तिचाच सुटला,
काही कळायला मार्ग नाही.
सहा वर्षं मी ही फाईल वाजवतेय.
उत्तरतालिकेत नऊ समोर क आहे.

सोमवारी मार्क वाचून दाखवले.
पायल, वीसपैकी वीस.
कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.
दुर्गेश मात्र दप्तर उचलून टेबलाशी आला.
"मॅडम, ली हुआच्या पेपरात
आपलं गाव येत असन का?"
माहीत नाही रे.
"बरं, त्याले किती भेटले असन?"
असतील तुझ्याएवढेच.

"बापा," तो म्हणाला, "सातच?"
आणि दाराकडे जाता जाता
खरोखरच त्याचा चेहरा पडला.